डब्यावरची चिठ्ठी

कोल्टर्स फोर्ड, मिझुरी
२ सप्टेंबर २०२४

प्रिय व्हर्लिन,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे तू ओळखलं असशील. तरीही उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. तू आणि नॉर्मा बरे असाल. मी बरा आहे. डावा गुडघा वळत नाही, बाकी सगळं ठीक. यंदा मका चांगला आला, पण हरणांनी निम्मा खाल्ला. बंदूक उचलायचा कंटाळा येतो आणि ते त्यांना कळलेलं दिसतं.

तू गेल्यापासून अकरा वर्षांत गावात फार काही बदललं नाही. चर्चचं छप्पर पुन्हा गळतंय आणि त्यासाठी पुन्हा त्याच माणसांची समिती नेमली आहे. माझ्या डार्लाच्या घरासमोर राहणाऱ्या मिसेस हॉब्स गेल्या हिवाळ्यात वारल्या. जत्रेतली नेमबाजीची स्पर्धा बंद झाली. आता त्या जागेवर भोपळ्यांची स्पर्धा असते, सगळ्यात वजनदार भोपळ्याला निळी फीत. तिथे जडच जिंकतो, तेव्हा तू न आलेलाच बरा.

लॉयड अजून बंदुकांच्या दुकानात बसतो. स्टोव्हभोवती तीच म्हातारी मंडळी आणि तोच वाद, हलकी गोळी बरी की जड. तू आणि मी त्या स्टोव्हपाशी तीस वर्षं भांडलो. तू म्हणायचास, हलकी वेगाने जाते, मांसात शिरली की फुलते आणि हाताला धक्का कमी देते. मी म्हणायचो, फुलू दे नाहीतर नाचू दे, हाडापर्यंत पोचते ती जडच. लॉयड कॉफी ओतत म्हणायचा, "पर्डी बंधूंना एकाच खोलीत कोंडा, एकमेकांना बोलून बोलूनच मारतील." लोक अजून ते सांगून हसतात. मी त्यांच्यात बसत नाही.

आता कामाचं लिहितो. ड्वेन सुटतोय. तेरा वर्षांच्या शिक्षेतली अकरा भोगून झाली, अठरा ऑक्टोबरला बाहेर येईल. तुरुंगातून मला तसं पत्र आलं. पत्र फार सभ्य आहे. माझ्या मुलीच्या खुन्याचा उल्लेख त्यांनी "श्री." लावून केला आहे.

शेल्बीलाही तसंच पत्र गेलं. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती दहा वर्षांची होती, आईच्या शवपेटीजवळ नॉर्माचा हात धरून उभी होती. आता एकवीस पूर्ण झाली. गुरांच्या डॉक्टरकडे कामाला आहे, नदीपलीकडे भाड्याच्या ट्रेलरमध्ये एकटी राहते. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, "आजोबा, तुम्ही सकाळी पाचला रेडिओ लावता." बापाने तुरुंगातून तिला तीन पत्रं लिहिली, ती तिने न उघडता परत पाठवली. चौथ्या वेळी त्याने पाकिटावर बाहेरच लिहिलं, "लवकरच भेटू". पोस्टमनने ते वाचून तिच्या हातात दिलं.

गेल्या आठवड्यात रविवारी ती जेवायला आली. बीन्स आणि मक्याचा पाव खाल्ला, ताटली धुऊन ठेवली आणि हात पुसत म्हणाली, "आजोबा, आईचं रिव्हॉल्व्हर मला द्या."

"कशाला?"

"खारी मारायला," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. "अठरा तारीख जवळ आली म्हणून. आणि गोळ्या विकतच्या नकोत, तुम्ही घरी भरलेल्या हव्यात. जड. लॉयड म्हणत होते, एवढंसं हलकं रिव्हॉल्व्हर आहे, त्यात हलकीच घे, मनगट दुखणार नाही. मी म्हटलं, आमच्या घरात हलकीचं नाव काढत नाहीत. हलकीनेच माझी आई गेली."

हे तिला कुणी शिकवलं ते तुला सांगायला नको. डार्लाला पुरल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती, तेव्हा सगळ्या गावासमोर मी तुला म्हणालो होतो, "व्हर्लिन, तू माझ्या पोरीला खेळण्यातल्या गोळ्या दिल्यास. खांद्यात लागली तरी तो चालत आला." तू हातातली ताटली टेबलावर ठेवलीस आणि जिना चढून गेलास. महिन्याभरात घर विकून अर्कान्सॉला निघूनही गेलास. मी काय बोललो ते तुझ्या लक्षात असणारच. माझ्याही आहे.

तर विचारायचं ते असं, की या पोरीच्या हातात काय द्यावं? मी तिला "बघतो" म्हटलं आहे. यंत्रावर दारू तोलून गोळ्या भरायचा माझा हात पूर्वीसारखा राहिला नाही, डोळेही दमतात. ती मात्र दर दोन दिवसांनी फोन करून विचारते, झाल्या का आजोबा?

उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव. पण दे.

तुझा थोरला भाऊ,
एमेट


कोल्टर्स फोर्ड
२१ सप्टेंबर

प्रिय व्हर्लिन,

तुझं कार्ड मिळालं. धरणाचं चित्र सुंदर आहे. मागचा मजकूर दोन ओळींचा: "तिच्या मनगटाला विचार. मला नको." अकरा वर्षांनी भावाला पाच शब्द. लहानपणीही तू असाच होतास, मार खाल्लास तरी कुणाशी बोलायचा नाहीस आणि शेवटी आईची समजूत व्हायची की चूक माझीच. नॉर्माने तरी खाली चार ओळी लिहायच्या होत्या.

मला राग आला हे लपवत नाही. दोन दिवस कार्ड फ्रिजवर लावून ठेवलं आणि येता जाता शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी सकाळी जे झालं ते सांगतो. त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं आहे.

शेल्बी आठ वाजता आली. मी अंडी तळत होतो. ती म्हणाली, "शेडमधून पक्कड घेऊ का? गाडीचा आरसा सैल झालाय." मी घे म्हटलं. पक्कड कुठल्या खणात असते ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने सगळे खण उघडले. शेवटच्या खणात, चिंध्यांच्या खाली, डार्लाचं रिव्हॉल्व्हर आणि काडतुसांचा डबा होता. डब्यावर तुझ्या हातची चिठ्ठी, "११० ग्रेन, हलकी. व्ही. पर्डी", आणि तारीख. आपल्या वडिलांनी आपल्याला शिकवलं होतं तशीच नीट लिहिलेली. आठवतं ना तुला? डब्यावर चिठ्ठी नसली तर ते काडतुसं उचलून तळ्यात फेकायचे. म्हणायचे, ज्याने भरली त्याचं नाव नसेल तर ती गोळी या घरातला कुणीही उडवणार नाही. मी बारा वर्षांचा असताना एकदा चिठ्ठी लावायची विसरलो, तर त्यांनी मलाच तळ्यात ढकललं होतं.

तर पोरीच्या हाती तो डबा लागला. तिच्या डोक्यात काय आलं मला ठाऊक नाही. नंतर म्हणाली, "आईने ज्या उडवल्या त्या मला एकदा उडवून बघायच्या होत्या." मला काही न सांगता ती शेडमागे गेली, पाच गोळ्या भरल्या आणि मातीच्या बांधावर नेम धरला.

मी स्वयंपाकघरात होतो. पहिला आवाज आला. मग दुसरा. मग काहीच नाही.

व्हर्लिन, मिसेस हॉब्सने कोर्टात साक्ष दिली होती ती तू ऐकली नाहीस, तू तोवर निघून गेला होतास. तिला वकिलाने विचारलं, काय ऐकलंत? ती म्हणाली, "दोन आवाज झाले. मी तिसऱ्याची वाट पाहिली. तो झालाच नाही."

मी तसाच धावलो. गुडघा, अंडी, गॅस, कशाचं भान राहिलं नाही. शेल्बी बांधासमोर उभी होती, दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरून चाप ओढत होती आणि चाप जागचा हलत नव्हता. मनगट लाल झालं होतं. पहिली गोळी बांधाच्या वरून झाडीत गेली होती. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं.

"गोळ्यांची चकरी फिरतच नाही," ती म्हणाली. "आजोबा, ही अडकली. आईच्या वेळीपण अशीच अडकली होती का?"

तिने डबा उचलून उघडला.

"आणि या तर नुसत्या शिशाच्या, राखाडी आहेत. लॉयडकडच्या हलक्या तांब्याने मढवलेल्या असतात. व्हर्लिन आजोबांच्या अशा का? त्यांच्यामुळे अडकली ना? हलकी होती म्हणून?"

मी हो म्हटलं.

"हो, बाळ. व्हर्लिनच्याच त्या." एवढं म्हणालो आणि तिला आत घेऊन आलो. अंडी जळून कोळसा झाली होती. ती रडली नाही. मला म्हणाली, "बघा, म्हणूनच मला तुमच्या हव्यात."

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. ड्वेनने तिचा हात मोडला त्या आठवड्यात डार्ला आधी तुझ्याकडे आली नव्हती, माझ्याकडे आली होती. एका हाताला प्लॅस्टर, दुसऱ्या हाताला शेल्बी, पायाशी बॅग. मी दार उघडलं आणि म्हणालो, "नवरा-बायकोत चालतं असं. चार दिवस राहा, राग उतरला की जा परत." ती बसलीही नाही. पोर्चवरूनच म्हणाली, "बाबा, मी राहायला आले होते, चार दिवसांसाठी नव्हे." आणि तुझ्याकडे आली. तू खोली दिलीस, हात बरा झाल्यावर रिव्हॉल्व्हर घेऊन दिलंस, गोळ्या भरून दिल्यास. ती तुझ्या कोठारामागे टिनच्या ताटलीवर नेम धरायला शिकली. ते मला कुणी सांगितलं माहीत आहे? लॉयडने. भर दुकानात. "एमेट, तुझी पोरगी व्हर्लिनच्या हाताखाली तयार झाली. पाचात पाच पाडते. हलक्या गोळीने, बरं का." सगळे हसले. मीही हसलो.

हे आज का लिहितोय ते मला नीट कळत नाही. शेल्बी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पुन्हा येईल. तोवर जड गोळ्या भरून ठेवतो असं कबूल केलं आहे. यंत्रावरची धूळ झाडली, त्यापुढे हात गेला नाही.

एमेट


कोल्टर्स फोर्ड
६ ऑक्टोबर

व्हर्लिन,

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी चित्रही नाही. "हलक्या गोळीने चकरी अडकत नाही. त्या डब्यात काय होतं?"

तुला ते कळणार हे ठाऊक असूनच मी गुरुवारची हकिगत लिहिली असावी. सरळ लिहायची छाती नव्हती, म्हणून तुझ्या वाटेवर टाकून दिली, तू उचलशील म्हणून. चकरी अडकली होती हे तू आजवर कुणाकडून ऐकलंच नव्हतंस. अकरा वर्षं तू एवढंच धरून बसलास की तुझी गोळी त्या माणसाला थांबवू शकली नाही. नॉर्माने लॉयडच्या बायकोला कळवलं होतं, की तू गोळ्या भरायचं यंत्र विकलंस आणि हरणावरही पुन्हा बंदूक उचलली नाहीस. मी ते ऐकलं, घरी आलो आणि जेवलो.

त्या डब्यात माझ्या गोळ्या होत्या.

ती गेली त्याच्या आधीच्या बुधवारी मी तिच्या घरी गेलो होतो, तुझ्याकडून निघाल्यावर तिने भाड्याने घेतलेल्या. पोर्चची एक पायरी सडली होती, ती बदलायला. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिने मला बोलावलं होतं. पायरी झाली, मग तिने मला आत बसवलं आणि टेबलाच्या खणातलं रिव्हॉल्व्हर दाखवलं, शाळेतलं बक्षीस दाखवावं तसं. म्हणाली, "काकांनी भरून दिल्यात. हाताला अजिबात झटका बसत नाही, बाबा. मी पाचात पाच मारते."

मी म्हटलं, "ताटलीवर मारतेस. ताटली चालून येत नाही."

"काका म्हणतात, जी लागते ती गोळी चांगली."

"तुझे काका खूप काही म्हणतात."

तिने ते मनावर घेतलं नाही. हसली. कॉफी करायला उठली, दूध नव्हतं म्हणून समोर मिसेस हॉब्सकडे मागायला गेली. माझ्या कोटाच्या खिशात माझा डबा होता. मी दुपारी लॉयडकडे जाणार होतो, नेम मारायला. मी तुझ्या पाच गोळ्या चकरीतून काढल्या आणि माझ्या पाच घातल्या. मग तुझा डबा माझ्या खिशात रिकामा केला आणि माझ्या गोळ्यांनी भरून परत खणात ठेवला. तुझी चिठ्ठी तशीच राहू दिली. तिने विचारलं असतं तर वाद झाला असता आणि त्या वादात ती तुझ्या बाजूने बोलली असती. ते मला ऐकायचं नव्हतं. वीस वर्षं तिने माझं ऐकलं होतं आणि आता सगळ्या गोष्टीत काका. तिचा जीव वाचावा म्हणून मी बदलल्या असं मला वाटत होतं, ते खोटं नाही. पण तुझं नाव डब्यावर राहिलं आणि आतून मी जिंकलो, याचा मला आनंद झाला होता. कॉफी पिताना मी खूश होतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, पाद्र्यालाही नाही.

पुढचं तुला मी काय समजावू, पण शेल्बीनेही हे वाचायचं आहे म्हणून सविस्तर लिहितो. त्या गोळ्या मी माझ्या जुन्या पोलादी रिव्हॉल्व्हरसाठी भरल्या होत्या. ते इतकं जड आहे की धक्का तेच गिळतं. म्हणून काडतुसाच्या पुंगळीचं तोंड मी गोळीभोवती फार आवळलं नव्हतं, गरजच नव्हती. डार्लाचं रिव्हॉल्व्हर म्हणजे दोन सफरचंदांचं वजन. त्यात जड गोळी उडवली की हातातलं सगळं मागे उसळतं आणि चकरीत उरलेल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. खिळ्याच्या टोकाएवढी जरी बाहेर आली तरी पुरे, चकरी अडते. हलकी सहसा तेवढी सरकत नाही. हे काडतुसं भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. खिशातून डबा काढताना ते डोक्यात आलंही होतं. मी स्वतःला म्हटलं, पाच उडवायची वेळ येते कुठे, जड असेल तर एकीत काम होतं.

शनिवारी सकाळी दहा वाजता ती गाडीतून किराणा काढत होती. शेल्बी नॉर्माबरोबर वासरांच्या प्रदर्शनाला गेली होती, तेवढं देवाने केलं. ड्वेन टायरचा पाना घेऊन आला. तिने पर्समधून रिव्हॉल्व्हर काढलं. जिचा धक्का तिच्या हाताला ठाऊक नव्हता, जी तिने आयुष्यात कधी उडवली नव्हती, ती गोळी उडवली. पहिली त्याच्या डोक्यावरून गेली. तुझ्या गोळीने तिचा नेम बसला होता, माझी वर लागते. दुसरी खांद्यात. तिसऱ्या वेळी चाप हलला नाही. मिसेस हॉब्स म्हणाली, ती शेवटपर्यंत ओढत होती.

खटला संपल्यावर शेरीफच्या माणसाने रिव्हॉल्व्हर आणि उरलेली तीन काडतुसं खाकी पिशवीत घालून मला दिली. म्हणाला, "चकरी अडकली होती, मिस्टर पर्डी, काडीने ढकलून उघडावी लागली." ड्वेनच्या खटल्याला त्याने काही फरक पडला नव्हता. मी घरी आलो, तिन्ही काडतुसं टेबलावर उभी केली. एकीची गोळी बाकीच्यांपेक्षा वर आली होती. राखाडी, बोथट, माझ्या साच्यातली. तोवर माझी तळघरातली वाक्यं गावभर झाली होती आणि तू निघून गेला होतास. मी म्हटलं, आता सांगून डार्ला काही परत येत नाही. असं म्हणायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तिचं घर आवरताना तुझ्या चिठ्ठीचा तो डबाही मी घरी आणला होता, तो टाकून द्यायला हवा होता. मी टाकला नाही. टाकला असता तर तुझं नाव कायमचं तसंच राहिलं असतं, आणि ठेवला तरी मी ते तसंच राहू दिलं.

काल, शनिवारी, शेल्बी आली. मी गोळ्या भरल्या नव्हत्या. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, तेरा दिवस राहिले. तुम्ही नाही दिल्यात तर मी लॉयडकडून सगळ्यात जड असतील त्या घेईन." मी तीनदा तोंड उघडलं. एकदा हवेविषयी बोललो, एकदा तिच्या कुत्र्याच्या लसीविषयी, तिसऱ्यांदा उठून भांडी घासली. मी तिच्याशी खोटं बोललो ते बोलायला एक क्षण पुरला होता. खरं बोलायला जीभ उचलत नाही.

म्हणून हे पत्र तीच घेऊन येते आहे. तिला सांगितलं, व्हर्लिन आजोबांना हातोहात दे. पाकीट चिकटवलेलं नाही. तेही सांगितलं, की हे तुझ्यासाठीही आहे, वाटेत जेवायला थांबलीस की वाच. ती म्हणाली, "तुम्ही मला आत्ताच का नाही सांगत?" मी म्हटलं, वाच म्हणजे कळेल. वाचल्यावर ती तुझ्या दारात येईल की गाडी वळवून माझ्या, ते मी सांगू शकत नाही. मी दोन्हीसाठी घरी आहे.

आली तर, व्हर्लिन, एवढं कर. तुझं यंत्र नाही, पण कुणाचं तरी माग. तिच्या मनगटाला झेपतील अशा हलक्या गोळ्या तुझ्या हाताने भर, डब्यावर तुझी चिठ्ठी लाव आणि टिनच्या ताटलीवर दहात दहा लागेपर्यंत तिच्या शेजारी उभा राहा. तिला तुझ्याकडेच ठेव, अठरा तारीख उलटून जाईपर्यंत तरी. तिच्या आईला मी म्हणालो तसं चार दिवस म्हणू नकोस. मला माफ कर असं मी लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं. तुझ्याकडे मागायची गोष्ट आधीच मोठी आहे, त्यात हे घालत नाही.

शेल्बी, तू हे वाचत असशील तर: तुझ्या व्हर्लिन आजोबांची गोळी त्या दिवशी रिव्हॉल्व्हरमध्ये नव्हतीच. असती तर तुझी आई पाचात पाच मारणारी होती.

व्हर्लिन, गाडीत दोन डबे ठेवले आहेत. कॉफीच्या डब्यात तुझ्या पन्नास तांब्याच्या गोळ्या आहेत, त्या बुधवारी मी नेल्या त्याच. एकही कमी नाही. तुझी चिठ्ठी वाफेवर सोडवून त्यावर लावली आहे, जिथली तिथे. दुसरा डबा माझ्या शिशाच्या गोळ्यांचा. वडील असते तर तो तळ्यात गेला असता आणि मागोमाग मी. त्यावर आज चिठ्ठी लिहून चिकटवली आहे, तीच खाली उतरवतो. पत्राला वेगळी सही करत नाही.

१५८ ग्रेन, जड.
पोलादी रिव्हॉल्व्हरसाठी.
डार्लाला देऊ नये.
भरणारा: एमेट पर्डी